शॉनब्रुन राजवाड्याचा दिवस: ठाण्याहून सहकुटुंब निघणाऱ्यांसाठी

युरोपच्या पॅकेज टूरमध्ये व्हिएन्नाच्या वाट्याला एखादा दिवस येतो आणि त्यातले जेमतेम दोन तास शॉनब्रुनला मिळतात. बस थांबते, पिवळ्या इमारतीसमोर फोटो निघतात, आत पळत एक फेरी होते आणि बस सुटते. स्वतः आखून जाणारी मंडळी उलट्या बाजूने फसतात. राजवाडा, बाग, टेकडी, चक्रव्यूह आणि प्राणिसंग्रहालय हे सगळं एकाच दिवसात कोंबतात. मग दुपारी तीनला आजी बाकावर टेकलेल्या असतात आणि नातू खडीत फतकल मारून बसलेला असतो.

दिवसाची मांडणी साधी ठेवावी. राजवाड्याच्या आतला भाग घड्याळावर चालतो, कारण तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. बाहेरची बाग फुकट आहे, सकाळी साडेसहाला उघडते आणि कितीही वेळ फिरता येते. म्हणून आतला भाग आधी आणि पक्का ठरवा. बाहेरचं किती करायचं हे घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाचे पाय बघून तिथेच ठरवा. प्राणिसंग्रहालय मात्र त्या दिवसातून काढूनच टाका. १७५२ मध्ये सुरू झालेलं हे प्राणिसंग्रहालय आजही चालू असलेल्यांत जगातलं सगळ्यात जुनं आहे. त्याला निवांत अर्धा दिवस लागतो आणि राजवाड्यानंतर मुलांकडे तेवढा जीव उरत नाही.

कुठल्या दिवशी, किती वाजता

सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या. राजवाडा वर्षभर रोज, सणासुदीलाही, साधारण साडेआठच्या सुमारास उघडतो. बसचे जथे दहानंतर येऊ लागतात आणि अकरा ते तीन या वेळात खोल्यांमधल्या दोऱ्यांच्या वाटेवर माणसं खेटून चालतात.

सकाळ निवडायचं आणखी एक कारण आहे. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर व्हिएन्नाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. ठाण्यात सकाळी सातला उठणारं पोर मे महिन्यात व्हिएन्नात पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं, आणि संध्याकाळी आठ वाजता त्याच्या शरीरात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पहिले दोन-तीन दिवस याचा फायदा उठवा आणि राजवाडा याच दिवसांत बसवा. पोचल्याच्या दिवशी मात्र तिकीट काढू नका. शेंगेन हद्दीत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, शिरताना आता फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत आली आहे, त्यामुळे विमानतळावरची रांग किती लांबेल याचा भरवसा नाही.

मे महिन्याची सुट्टी या जागेला उत्तम. फुलं असतात, उजेड रात्री आठनंतरही रेंगाळतो, फक्त सकाळी दहा-बारा अंशांची गारठ आणि अधूनमधून पावसाची सर सोसावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी कमी, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आत अंधारतं. तेव्हा टेकडी दुपारी दोनपर्यंत उरकावी लागते. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही शिगेला असतात. आणखी एक तारीख पाहून घ्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची उन्हाळी मैफल दरवर्षी या बागेत उघड्यावर होते आणि ती विनामूल्य असते. तिच्या तयारीसाठी बागेचे काही भाग अडवलेले असतात. संगीत ऐकायचं असेल तर तो दिवस साधा, बाग पाहायची असेल तर चुकवा.

तिकीट: जास्त खोल्यांचंच घ्या

राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. पाहुण्यांना त्यांतल्या सुमारे चाळीस दाखवतात आणि स्वस्त तिकिटात त्याच्या निम्म्याच. तिकिटांची नावं बदलत राहतात, त्यामुळे नावापेक्षा खोल्यांचा आकडा बघून घ्या. पैसे वाचवायला बहुतेक जण छोटं तिकीट घेतात. आपल्याकडच्या माणसाने तरी तसं करू नये, कारण ज्या दालनासाठी भारतातून इतक्या लांब यावं ते मिलियन्स रूम मोठ्या फेरीत हमखास येतं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

तिकीट राजवाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतला की सारख्याच नावाची दलालांची पानं आधी वर येतात. तिथे तेच तिकीट महाग मिळतं आणि वेळ बदलायची झाली तर दाद कुणाकडे मागायची तेच कळत नाही. शहराच्या मध्यभागी संगीतकार मोत्झार्टच्या लाल कोटात, पांढऱ्या टोपात उभे असलेले विक्रेते मैफलींची तिकिटं विकतात, राजवाड्यातल्या प्रवेशाची नव्हेत. सहा वर्षांखालच्या मुलांना राजवाड्याचं तिकीट लागत नाही, पण आरक्षण करताना त्यांचीही संख्या भरा. सगळ्यांचे क्यूआर कोड एकाच फोनमध्ये ठेवू नका. स्क्रीनशॉट काढून दोघांच्या फोनमध्ये टाका आणि एक छापील प्रत आजोबांच्या खिशात द्या. ऑनलाइन तिकीट असेल तर तिकीटखिडकीच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही, थेट प्रवेशद्वाराशी जायचं. हे न कळल्यामुळे कित्येक कुटुंबं नको त्या रांगेत वीस मिनिटं घालवतात आणि त्यातच आपली वेळ चुकवतात.

निघण्यापूर्वी ठाण्यात

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यासाठी मुंबईतल्या केंद्रावरच्या वेळा लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारीतच तयारी ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. अठराखालच्या मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो आणि घोळ बहुतेक तिथेच निघतो. तेव्हा सगळ्यात आधी मुलांचे पासपोर्ट काढून तारखा वाचा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

बुटांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. गोखले रोडवरून आदल्या शनिवारी घेतलेले नवे बूट घालून शॉनब्रुनला जाऊ नये. टेकडी धरून दिवसभरात सहज सात-आठ किलोमीटर चाल होते. त्यातली बरीचशी बारीक खडीच्या रस्त्यांवर असते आणि ही खडी उघड्या चपलांत शिरते. बूट महिनाभर आधी घ्या आणि तेच घालून तलावपाळीला फेऱ्या मारा. रविवारी येऊरचा चढ किंवा नवी मुंबईत असाल तर पारसिक हिलचा रस्ता चढा. आजीसाठी साडीखाली चालतील असे पट्ट्याचे किंवा लेसचे बंद बूट आणि आत थर्मल एवढं केलं की थंडीचा प्रश्न मिटतो. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, कारण टेकडीवर वारा असतो.

खाऊचा डबा भरताना युरोपीय संघाचा एक नियम आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतो. बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, पनीर, तूप, दुधाची पावडर काही चालत नाही. तान्ह्या बाळाचं दूध तेवढं मर्यादित प्रमाणात नेता येतं. ताजी फळं आणि भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस यांना सूट आहे, हापूसला नाही. मे महिन्यात मावशीने प्रेमाने दिलेली आंब्याची पेटी विमानतळावरच जप्त होते. खाकरा, तेलावरचे थेपले, चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि हॉटेलच्या किटलीतल्या गरम पाण्यावर होणारे पोहे-उपम्याचे पाकीट एवढ्यावर चार दिवस निभतात. थेपले तीन दिवसांत संपवा.

मुलांना इतिहास सांगायचा असेल तर तो ठाण्यापासून सुरू करा, मग सनावळ्या आपोआप डोक्यात बसतात. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून १७३७ मध्ये घेतला. पुढे तीनच वर्षांनी, १७४० मध्ये, इकडे थोरला बाजीराव गेला आणि नानासाहेब पेशवा झाला. त्याच वर्षी तिकडे तेवीस वर्षांची मारिया थेरेसा ऑस्ट्रियाच्या गादीवर आली. आजचा राजवाडा मुख्यतः तिने करून घेतलेला आहे. पानिपत झालं १७६१ मध्ये आणि दुसऱ्या वर्षी सहा वर्षांच्या मोत्झार्टने शॉनब्रुनमध्ये तिच्यासमोर वाजवलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर वर्षभराने, २४ एप्रिल १८५४ रोजी, सम्राट फ्रान्झ योसेफ आणि एलिझाबेथ ऊर्फ सिसी यांचं लग्न झालं. एवढ्या तीन जोड्या विमानात पाठ करून घेतल्या तरी आतल्या निम्म्या खोल्या उलगडतात.

पोचणं

शहराच्या मध्यातून, समजा कार्ल्सप्लाट्झहून, यू-४ ही हिरव्या रंगाची मेट्रो पकडा. दिशा हुटेलडॉर्फ. सहावं स्टेशन शॉनब्रुन. तिथे उतरून मुख्य फाटकापर्यंत मुलांच्या चालीने दहा मिनिटं धरा. पुढचं स्टेशन हिट्झिंग, ते प्राणिसंग्रहालयाच्या बाजूला पडतं. फोनवरचा नकाशा कधीकधी तिथे उतरवतो आणि मग राजवाड्यासाठी उलटं चालत यावं लागतं. वेस्टबानहोफ रेल्वे स्टेशनजवळ राहत असाल तर ६० नंबरची ट्राम जवळजवळ फाटकाशी सोडते.

व्हिएन्नाच्या मेट्रोत अडवणारी फाटकं नसतात. म्हणून छापील तिकीट नुसतं घेऊन चालत नाही. स्टेशनवर शिरताना छोट्या निळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, शिक्का नसलेलं तिकीट त्यांच्या लेखी तिकीटच नव्हे आणि दंड शंभर युरोंच्या वर जातो. सहा वर्षांखालची मुलं फुकट, आणि रविवारी, सार्वजनिक सुट्टीला व व्हिएन्नाच्या शाळांच्या सुट्टीत पंधराखालचीही फुकट जातात.

छापील वेळेच्या अर्धा तास आधी फाटकात असा. या अर्ध्या तासात तीन कामं असतात. एक, स्वच्छतागृह, कारण आतली वाट एकेरी आहे आणि एकदा बाहेर पडलं की परत शिरता येत नाही. दोन, पाठीवरच्या पिशव्या आणि बाबागाडी जमा करणं, ती आत नेता येत नाही. तीन, काहीतरी पोटात ढकलणं. पिशवी जमा करण्याआधी साखरेच्या गोळ्या, इनहेलर, पासपोर्ट आणि पाकीट काढून खिशात किंवा छोट्या पर्समध्ये घ्या. हे राहून जातं आणि मग चाळिसाव्या खोलीत आजोबांना चक्कर आली की औषध दुसऱ्या टोकाला असतं. जिना चढवत नसेल तर लिफ्ट आहे, शिरतानाच कर्मचाऱ्यांना सांगा.

आत: दीड तास

आत फोटो काढायला मनाई आहे. हे घरूनच सगळ्यांना, विशेषतः काकांना, सांगून ठेवा. ध्वनिमार्गदर्शक प्रत्येक खोलीत बोलत राहतो. सगळं ऐकलं तर मोठ्यांचे दोन तास जातात आणि दहा वर्षांचं पोर सातव्या खोलीत कंटाळतं. मुलांना ऐकायला लावण्यापेक्षा शोधायला लावा.

पहिला शोध शेगड्यांचा. खोल्याखोल्यांत पांढऱ्या, सोनेरी नक्षीच्या उंच शेगड्या आहेत. त्यांना लाकडं घालायचं तोंड कुठे आहे ते विचारा. सापडणार नाही, कारण ते भिंतीमागे आहे. नोकर भिंतीआडच्या बोळांतून फिरत आणि मागूनच जाळ घालत, म्हणजे राखेचा कण दालनात सांडत नसे.

सुरुवातीच्या खोल्या फ्रान्झ योसेफच्या. जवळजवळ अडुसष्ट वर्षं राज्य केलेल्या या माणसाची शय्या म्हणजे साधी लोखंडी खाट. तो याच वाड्यात १८३० मध्ये जन्मला आणि २१ नोव्हेंबर १९१६ रोजी याच खोलीत वारला. रोज पहाटे चारच्या सुमारास उठून टेबलाशी बसायचा. मुलांना मात्र त्याचं १८९९ मध्ये बसवलेलं इंग्लिश पद्धतीचं शौचालय जास्त आवडतं, त्याला इलाज नाही. पुढे सिसीच्या खोल्या लागतात. घोट्यापर्यंत पोचणारे केस विंचरण्यात तिचे रोज दोन-तीन तास जात. इथे लांब वेणीचं कौतुक असलेल्या आज्यांकडे सांगण्यासारखं बरंच निघतं, ध्वनिमार्गदर्शक खुशाल बंद करा.

आरशांच्या दालनाबाबत परंपरा अशी सांगते की छोट्या मोत्झार्टने इथेच वाजवलं. वादन संपल्यावर तो उडी मारून महाराणीच्या मांडीवर चढला आणि तिला मिठी मारून त्याने पापे घेतले, असं त्याच्या वडिलांनी पत्रात लिहून ठेवलं आहे. मग येतं मोठं दालन, सुमारे त्रेचाळीस मीटर लांब. इथे मान वर करून छताच्या तीन चित्रांतलं पूर्वेच्या टोकाचं बघा. ते दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उडालं, आता आहे ती प्रतिकृती. १९६१ मध्ये अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत संघाचे ख्रुश्चेव्ह व्हिएन्नात भेटले तेव्हा त्यांच्यासाठी समारंभ झाला तो याच दालनात.

समारंभाच्या दालनात १७६० मधल्या एका राजेशाही लग्नाची अवाढव्य चित्रं आहेत. त्यांतल्या मैफलीच्या चित्रात, उजवीकडे खालच्या गर्दीत, लहानगा मोत्झार्ट शोधायला सांगा. सापडला की दुसरा प्रश्न टाका: लग्न १७६० चं आणि तो व्हिएन्नात आला १७६२ मध्ये, मग चित्रात कसा? चित्रं पुरी व्हायला काही वर्षं लागली. तोवर हा पोरगा प्रसिद्ध झाला होता, म्हणून त्याला मागाहून रंगवून घेतलं. फोटोत नंतर माणूस घुसवायचा उद्योग जुनाच आहे हे कळलं की मुलं एकदम जागी होतात.

इथून पुढे गर्दी पातळ होते. निळ्या चिनी दालनात शेवटचा सम्राट कार्ल याने ११ नोव्हेंबर १९१८ रोजी राज्यकारभारातून हात काढून घेतल्याच्या कागदावर सही केली आणि हॅब्सबर्ग या राजघराण्याची सहाशेहून अधिक वर्षांची सत्ता संपली. त्यापुढे काळ्या लाखकामाचं दालन आहे. ते मारिया थेरेसाने १७६५ मध्ये अचानक गेलेल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ सजवलं. नेपोलियनच्या खोलीत त्याच्या मुलाचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा आहे आणि त्या मुलाने पाळलेला, आता पेंढा भरून ठेवलेला, तुरेवाला चंडोल. मुलगा १८३२ मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयाने इथेच गेला. ज्या वाड्यात बापाने १८०५ आणि १८०९ मध्ये विजेता म्हणून मुक्काम टाकला होता, त्याच वाड्यात.

आणि मग मिलियन्स रूम. शिसवी जातीच्या लाकडाने मढवलेल्या भिंती, त्यांत सोनेरी वळणांच्या साठेक चौकटी आणि त्या चौकटींत मोगल लघुचित्रं. बादशहा, दरबार, शिकार, बागेतल्या बायका. बरीचशी सतराव्या शतकातली, म्हणजे आपल्याकडच्या शिवकाळाला समांतर. घाईत नजर टाकली तर नुसती वेलबुट्टी वाटते आणि मंडळी पुढे जातात. इथे किमान दहा मिनिटं थांबा. जवळून पाहिलं की ध्यानात येतं, चित्रं अखंड नाहीत. राजघराण्यातल्या मंडळींनी ती कात्रीने कापली आणि चौकटींच्या वाकड्यातिकड्या आकारांत बसतील अशी पुन्हा जुळवून चिकटवली. मुलांना जोड शोधायला लावा: पार्श्वभूमीचा रंग कुठे एकदम बदलतो, कुठला माणूस शेजारच्यापेक्षा विनाकारण मोठा आहे, कुठे झाड अर्ध्यातच संपतं. डच चित्रकार रेम्ब्रांटने मोगल चित्रांवरून जी रेखाटनं केली, त्यांतल्या काहींची मूळ चित्रं याच भिंतींवर असावीत असं अभ्यासकांचं मत आहे. हे दालन बघून कौतुक वाटावं की राग यावा, यावर घरात दोन तट पडतात. पडू द्यावेत.

राहिलेल्या खोल्या भराभर केल्या तरी चालतील. पोट कुरकुरायला लागलेलं असतं.

बाहेर: पायांच्या हिशेबाने

बाहेर आल्यावर आधी खाणं आणि पाणी. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. नळाचं पाणी बिनघोर प्या, बाटल्या विकत घेऊ नका. डबा उघडायला बाक वापरा, हिरवळीवर चादर पसरायची नाही. आवारातल्या उपाहारगृहांत शाकाहारी पदार्थ मिळतात, पण अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. काइझरश्मार्न या गोड पदार्थात अंडं असतंच आणि चीज घातलेल्या श्पेट्झलेतही असतं. सफरचंदाच्या श्ट्रुडेलचं पारंपरिक आवरण मैदा, पाणी आणि तेलाचं असतं, तरी प्रत्येक दुकानाची रीत वेगळी. रविवार असेल तर आदल्या संध्याकाळीच ब्रेड, फळं, दही आणून ठेवा, कारण मोठ्या रेल्वे स्टेशनांतली सोडली तर किराणा दुकानं रविवारी बंद असतात.

जेवण झालं की कुटुंबाची फोड करा. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचा हट्ट धरला की दिवस बिघडतो. राजवाड्यातच मुलांचं संग्रहालय आहे. त्याचं तिकीट वेगळं असतं. राजपुत्राचे कपडे चढवता येतात, टोप घालून बघता येतो, शाही टेबल मांडता येतं. पाच ते दहा वयाला हे फार मानवतं, एक-दीड तास जातो आणि पावसात तर हाच आसरा. मोठी मुलं आणि आईबाबा तोवर टेकडी करू शकतात. फुटताना भेटीची जागा आणि वेळ दोन्ही ठरवा: नेपच्यूनचं कारंजं, अमुक वाजता. घरातल्या एकाच फोनला रोमिंग असतं तेव्हा ‘फोन कर’ याला अर्थ नसतो.

टेकडीच्या माथ्यावर १७७५ मध्ये बांधलेली ग्लोरिएट ही कमानींची इमारत आहे. राजवाड्याच्या मागच्या दारापासून नेपच्यूनच्या कारंज्यापर्यंतचा पट्टा सपाट, पण उघडा, सावली अजिबात नाही. उन्हाळ्यात मधून न जाता बाजूच्या, उंच कातरलेल्या झाडांच्या गल्ल्यांतून जा. कारंज्यापासून वळणावळणाचा चढ सुरू होतो. राजवाड्यापासून वरपर्यंत आरामात पंचवीस मिनिटं धरा. बाबागाडीची चाकं लहान असतील तर खडीत रुततात, तिथे ओढगाडीपेक्षा कडेवर बरं. आजीआजोबांसाठी पॅनोरामा ट्रेन नावाची रस्त्यावरून धावणारी छोटी गाडी आहे. ती राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि ग्लोरिएट अशी फिरते आणि ऐन थंडीत बंद असते. अशी गाडी घ्यायला आपली माणसं संकोचतात, पण वर नेऊन सोडायला तीच घ्यावी आणि उतरताना वाटलं तर चालावं.

वरून राजवाडा आणि त्यामागे अख्खं व्हिएन्ना दिसतं. तुमचं तोंड उत्तरेला असतं, सूर्य पाठीमागे, त्यामुळे राजवाड्याचे फोटो दिवसभर चांगले येतात. खालून ग्लोरिएटचा फोटो घेताना मात्र दुपारी ऊन थेट कॅमेऱ्यात शिरतं. तो सकाळी आत जाण्यापूर्वीच काढून टाका. गच्चीवर जायला वेगळं तिकीट लागतं. तळातूनच दृश्य पुरेसं आहे, ते पैसे चक्रव्यूहाला द्या. कातरलेल्या झुडपांचा हा चक्रव्यूह मूळ अठराव्या शतकातला, नाहीसा झालेला, १९९९ मध्ये पुन्हा उभारलेला. मुलांना इथे अर्धा तास सोडा आणि स्वतः बाहेर बसा.

वेळ उरलाच तर कारंज्याच्या पूर्वेला रोमन अवशेष आहेत. पडके खांब, मोडलेल्या कमानी, पाण्यात कोसळलेले पुतळे. रोमन लोकांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, १७७८ मध्ये ते पडकेच बांधले. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांना ओळखू द्या.

सकाळपासून धो धो पाऊस असेल तर टेकडी सोडून द्या. राजवाडा, मुलांचं संग्रहालय आणि पश्चिमेकडचं पाम हाऊस हे १८८२ चं काचघर एवढ्यात दिवस भरतो. काचघरात दमट ऊब असते. थंडीने आखडलेल्या आजी तिथे नारळीपोफळीच्या भाईबंदांमध्ये एकदम खुलतात.

परतीला बागेच्या पश्चिमेच्या, म्हणजे हिट्झिंगच्या, फाटकाने बाहेर पडा. पाम हाऊस आणि प्राणिसंग्रहालय तिकडेच असल्याने पुन्हा मुख्य फाटकापर्यंत खडी तुडवावी लागत नाही. स्टेशनला लागून घुमटाची एक देखणी छोटी इमारत दिसेल. वास्तुकार ओटो वाग्नरने १८९९ मध्ये खास सम्राटासाठी बांधलेलं ते खासगी मेट्रो स्टेशन. फ्रान्झ योसेफने ते दोनदाच वापरलं असं सांगतात. तुम्ही शेजारच्या साध्या फलाटावर उतरा आणि हाइलिगेनश्टाटच्या दिशेची यू-४ पकडा. सकाळची तिकिटं एकेरी असतील तर परतीच्या तिकिटांवरही शिक्का मारायचा आहे. दिवसाचा पास असेल तर सकाळचा एकच शिक्का पुरतो.